नव्या मुंबईंत एक दिवस

प्रवासवर्णन म्हटलें म्हणजे आगबोट किंवा विमान, बर्फानें झांकलेलीं शिखरें आणि परक्या शहरांतील पुतळे हीं वाचकांच्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. आज जें वर्णन आम्ही करणार आहों त्यांत यांपैकीं फारसें कांहीं नाहीं. सारा प्रवास एका दिवसाचा, आणि तोहि आमच्या राहत्या घरापासून वीस मैलांच्या आंतला. तरीहि तो परदेशचा प्रवास होता; मात्र आमचा नव्हे, आमच्या पुतणीचा व पुतण्याचा. आमचे धाकटे बंधु गेलीं अठरा वर्षें नोकरीनिमित्त हॉलंडांत राहतात. त्यांचीं दोन्ही मुलें तेथेंच जन्मलीं, तेथेंच शिकत आहेत, आणि त्यांच्या पासपोर्टावर त्याच देशाची राजमुद्रा आहे. एकाच विमानांतून चार माणसें उतरलीं. दोघें मायदेशीं आलीं आणि दोघें परदेशीं. असे प्रसंग हल्लीं आपल्या पुष्कळ कुटुंबांत येतात. अशा वेळीं पाहुण्यांस काय दाखवावें हा प्रश्न वाटतो तितका सोपा नसतो, म्हणून हा वृत्तांत.

ही मंडळी आली ती २०२५ च्या नाताळच्या सुटींत. आईला भेटावयाचें होतें हें तर खरेंच. पण दुसरेंहि एक काम होतें. वाशींतील आमचें घर सिडकोच्या जुन्या इमारतींत आहे. वडिलांनीं तें १९८३ सालीं घेतलें. चाळीस वर्षांत खाऱ्या हवेनें सळया गंजल्या, छताचे पोपडे पडूं लागले, आणि इमारत पाडून तेथें उंच मनोरा उभारावा असें सर्व सभासदांनीं ठरविलें. वडील आज नाहींत. तेव्हां संमतिपत्रावर आईची, आमची व बंधूंची अशा तीन सह्या हव्या होत्या. बांधकाम पुरें होईपर्यंत तीन वर्षें आईनें भाड्याच्या घरांत राहावयाचें. ती सारें ऐकून घेई, पण हो म्हणत नसे. कागद देवघरांतील कपाटांत पडून होता. त्या विषयाची वाच्यता न करतां एक दिवस मुलांना शहर दाखवून आणावें असें आम्हीं ठरविलें.

आईचें वय एकोणऐंशी. दगदग होईल, तिनें घरीं राहावें असें सुचवून पाहिलें. "शहर दाखवायचें, आणि बारशापासून ज्यानें तें पाहिलें तें माणूस घरीं ठेवायचें?" एवढेंच ती म्हणाली, आणि पहांटे उठून तिनें तिखटमिठाच्या पुऱ्या तळल्यादेखील. सात माणसें बसतील अशी एक मोटार भाड्यानें ठरविली होती. आई, बंधु व त्यांची पत्नी, चौदा वर्षांची पुतणी, दहा वर्षांचा पुतण्या, आमची पत्नी आणि आम्ही असे सकाळीं सहाच्या सुमारास निघालों.

नव्या मुंबईंत पाहण्यासारखें काय आहे, असें कोणीहि विचारील. राजवाडे नाहींत, कमानी नाहींत, शेंदोनशें वर्षांची पेठ नाहीं. रस्ते रुंद आणि सरळ, घरांस क्रमांक, वस्तीस सेक्टर. पण आमच्या पाहुण्यांस यांत नवल वाटण्याचें कारण नव्हतें, कारण तीं मुलेंहि अशाच एका नव्या शहरांत वाढलेलीं आहेत. त्या गांवाचें नांव आल्मेरे. तेथें पूर्वीं समुद्राचें एक आखात होतें. १९३२ सालीं डच लोकांनीं मोठा बांध घालून तें समुद्रापासून तोडलें. १९६८ सालीं त्यांतील एक विस्तीर्ण भाग पाणी उपसून कोरडा केला. आणि १९७६ सालीं त्या तळजमिनीवर पहिलीं कुटुंबें राहावयास आलीं. आज तेथें दोन लाखांवर वस्ती आहे, आणि ती समुद्रसपाटीच्या खालीं नांदते. म्हणजे आल्मेरे आणि वाशी हीं जवळजवळ एका वयाचीं.

पुतणीजवळ एक वही होती. शाळेसाठीं प्रवासाचें टिपण लिहावयाचें होतें. मोटार सुरू होते न होते तोंच तिनें विचारलें, "काका, आमच्या शहराच्या आधीं तिथें मासे होते. तुमच्या शहराच्या आधीं इथें काय होतें?"

प्रश्न सरळ होता. त्याचें उत्तर मिळावयास संध्याकाळ झाली.

पहिला मुक्काम नेरुळच्या खाडीकांठीं. भरती-ओहोटीचें वेळापत्रक पाहूनच निघावयाची वेळ ठरविली होती. कारण रोहित पक्षी, ज्यांस आतां लहानमोठे सारे फ्लेमिंगो म्हणतात, ते ओहोटीच्या चिखलांत चरतात आणि भरती आली कीं पाणथळींत विसांव्यास येतात. डिसेंबरांत त्यांचे मोठे थवे अजून उतरलेले नसतात. आम्हांस चाळीस-पन्नास दिसले. धुक्यांत प्रथम पांढुरक्या रेघा, मग पाय, मग चोंच पाण्यांत उलटी धरून चाललेली ती संथ गाळणी. पुतण्यानें विचारलें, हे गुलाबी कां? पाण्यांतील सूक्ष्म शेवाळ आणि कोळंबीजातीचे बारीक जीव खाऊन तो रंग त्यांच्या पिसांत उतरतो, हें ऐकून त्यानें आपल्या आजीकडे पाहिलें आणि गाजरें खाऊन आपणहि तसेंच होऊं काय, असें विचारलें. आजीनें 'खाऊन पाहा' म्हटलें.

हे पक्षी मुख्यतः कच्छच्या रणांत वीण करून इकडे येतात. ठाण्याची खाडी २०१५ सालीं त्यांच्यासाठीं अभयारण्य ठरली आणि २०२२ सालीं जगांतील महत्त्वाच्या पाणथळींच्या यादींत, म्हणजे रामसर यादींत, तिचें नांव गेलें. पण पक्ष्यास यादी वाचतां येत नाहीं. त्याला पाणी लागतें. नेरुळच्याच एका तळ्यांत खाडीचें पाणी येण्याची वाट बुजली आणि २०२४ सालीं तें सुकलें, तेव्हां पांखरें भरकटलीं, कांहीं दगावलीं. रहिवाशांनीं आरडाओरड केली, आणि २०२५ सालीं त्या तळ्यास संरक्षण देण्यास राज्याच्या वन्यजीव मंडळानें मान्यता दिली. डच घरांत वाढलेल्या मुलीस ही गोष्ट समजावून सांगावी लागली नाहीं. "पाणी कुठून येतें आणि कुठून जातें, हें आमच्याकडे सगळ्यांत आधीं बघतात," असें ती म्हणाली.

तेथून पामबीच रस्त्यानें बेलापुराकडे जातांना आम्हीं मुलांना शहराची जन्मकथा सांगितली. मुंबईचें बेट दक्षिणोत्तर चिंचोळें. कचेऱ्या सगळ्या दक्षिणेच्या टोंकाला, माणसें उत्तरेला. रोज सकाळीं सारें शहर एका बाजूला वाहत जावयाचें आणि संध्याकाळीं उलट. १९६५ सालीं 'मार्ग' या नियतकालिकांतून चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनीं अशी कल्पना मांडली कीं, हें शहर उत्तरेकडे ताणीत नेण्यापेक्षां खाडी ओलांडून पूर्वेस न्यावें. सरकारानें ती उचलली. १७ मार्च १९७० रोजीं सिडको स्थापन झाली. ठाणें आणि तेव्हांचा कुलाबा या दोन जिल्ह्यांतील ९५ गांवांची मिळून ३४४ चौरस किलोमीटर भूमि आंखली गेली. १९७३ सालीं वाशीच्या खाडीवर मोटारींचा पूल झाला. आगगाडी यावयास मात्र १९९२ साल उजाडलें.

"या एकोणीस वर्षांतलीं पहिलीं दहा सोडा," आई मधेंच म्हणाली, "पुढचीं नऊ मीं बसच्या रांगेंत काढलीं." १९८३ सालीं गिरगांवांतील दोन खोल्या सोडून वडील वाशीस आले तेव्हां नातलगांनीं त्याला काळ्या पाण्याची शिक्षा म्हटलें होतें. हळदीकुंकवास बायका यावयाच्या नाहींत. आल्या तर दिवेलागणीपूर्वीं परत निघावयाच्या. रात्रीं कोल्हे ओरडत. वडिलांचें म्हणणें एकच असे : गिरगांवांत खिडकी उघडली कीं शेजाऱ्याची भिंत दिसते, येथें आकाश दिसतें.

बेलापुरास पुतण्याच्या हट्टानें प्रथम किल्ला पाहिला. किल्ला म्हणावा इतकें तेथें आतां उरलें नाहीं. पडकी भिंत, झाडांत बुडालेला बुरूज, आणि खालीं पनवेल खाडीचें मुख. जागा पाहिली कीं बांधणाराचा हेतु लगेच कळतो. येथून खाडींत शिरणारें कोणतेंहि गलबत नजरेंतून सुटावयाचें नाहीं. जंजिऱ्याच्या सिद्दींनीं सोळाव्या शतकांत तो बांधला, पुढें तो पोर्तुगीजांकडे गेला, चिमाजीअप्पांच्या कारकीर्दींत मराठ्यांनीं जिंकला, आणि १८१७ सालीं इंग्रजांच्या हातीं पडला. विजय मिळाल्यास जवळच्या अमृतेश्वरास बेलपत्रांचा हार वाहीन असा अप्पांनीं नवस केला होता, आणि त्यावरूनच बेलापूर हें नांव पडलें, अशी आख्यायिका आहे. पुतण्याची किल्ल्याविषयीं थोडी निराशा झाली, पण नवसाची गोष्ट त्यास आवडली. पुतणीनें वहींत लिहिलें : 'आधीं : किल्ला.' मग विचार करून त्यापुढें प्रश्नचिन्ह घातलें. कारण किल्ल्यांत शिपाई राहतात, पण त्यांना जेवूं घालणारे कोठें राहत होते?

बेलापुरांतच, पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशीं, जें पाहण्यासाठीं परदेशांतून वास्तुशास्त्राचे विद्यार्थी येतात आणि आपण शेजारीं राहून जात नाहीं, असें एक स्थळ आहे. त्याला आर्टिस्ट व्हिलेज म्हणतात. चार्ल्स कोरिया हे आरंभीं या नव्या शहराचे मुख्य वास्तुरचनाकार होते. पुढें १९८३ ते १९८६ या अवधींत त्यांनीं ही वसाहत उभी केली. कल्पना साधी आहे. सात घरें घ्यावयाचीं आणि तीं एका लहान अंगणाभोवतीं बसवावयाचीं. अंगण आठ मीटर लांब, आठ मीटर रुंद. असे तीन पुंजके मिळून एकवीस घरें, त्यांच्यामध्यें आणखी एक मोठें अंगण. तशीं अंगणें वाढत वाढत शेवटीं ओढ्याकांठच्या मोकळ्या जागेस मिळतात. श्रीमंताचा भूखंड पंचाहत्तर चौरस मीटरांचा, गरिबाचा पंचेचाळीसांचा. म्हणजे दोघांत फरक आहे, पण दरी नाहीं.

आणि यांतील खरी खुबी अशी कीं, कोणत्याहि दोन घरांची भिंत सामाईक नाहीं. प्रत्येक घर सुटें आहे. मुलगा मोठा झाला, सून आली, खोली वाढवावयाची आहे, तर आपल्या जोत्यावर आपण वाढवावी. शेजाऱ्याची सही लागत नाहीं. हें आम्ही सांगत असतांना बंधूंनीं आमच्याकडे पाहिलें आणि आम्हीं बंधूंकडे. आई दुसरीकडे पाहत होती.

आज तेथें गेलें तर मूळचीं उतरत्या छपरांचीं बैठीं घरें थोडींच दिसतात. बहुतेकांनीं तीं पाडून तीनतीन मजले चढविले आहेत. कोणीं संगमरवर लावला, कोणीं रंगीत कांचा. अभ्यासकांपैकीं कांहींजण याविषयीं हळहळतात. आम्हांस तसें वाटलें नाहीं. घर वाढावें हीच तर मूळ योजना होती. तें रचनाकाराच्या आवडीप्रमाणेंच वाढलें पाहिजे असा करार नव्हता. टिकावयास हवें होतें तें अंगण, आणि तें टिकलें आहे. एका अंगणांत चार पोरें चेंडूफळी खेळत होतीं, मधें तुळशीवृंदावन होतें, आणि चेंडू वृंदावनास लागला तर बाद असा नियम होता. आमचा पुतण्या पांच मिनिटांत त्यांच्यांत मिसळला. त्याला डच येतें, त्यांना तें येत नाहीं. त्याचें मराठी मोडकें. पण बाद म्हणजे बाद हें सर्वांस कळतें. एका घरांतील बाईंनीं आईसाठीं खुर्ची बाहेर आणली, पाण्याचा तांब्या दिला, आणि माहेर कोठलें हें विचारून घेतलें. "हें तर वाड्याचें अंगण," आई म्हणाली. ज्यानें हें आंखलें त्यास वाडा ठाऊक असला पाहिजे, असेंहि तिनें म्हटलें. ओढ्याकांठीं सांवलींत पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी आणि दहींभात असें जेवण झालें.

दुपारीं मुलांच्या हौसेखातर मेट्रोनें जाऊन आलों. बेलापूर ते पेंधर हा अकरा किलोमीटरांचा मार्ग १७ नोव्हेंबर २०२३ रोजीं सुरू झाला; त्यावर अकरा स्थानकें आहेत. डबे स्वच्छ, थंड आणि मुंबईच्या मानानें रिकामे. खारघरच्या डोंगरांच्या कडेनें गाडी जाते तेव्हां एका बाजूस कातळ आणि दुसऱ्या बाजूस वीसवीस मजल्यांच्या रांगा दिसतात. बंधूंना हें सारें अगदीं आल्मेरेसारखें वाटलें. मुलांना तसें वाटलें नाहीं, कारण आल्मेरेला डोंगर नाहीं.

डोंगराची गोष्ट निघाली ती पुढेंहि चालू राहिली. मोटार आतां उरणच्या रस्त्याला लागली. खाडी ओलांडली कीं डाव्या हातास उलव्याच्या बाजूचा नवा विमानतळ लागतो. ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं त्याचें उद्घाटन झालें, आणि २५ डिसेंबरला, म्हणजे आमच्या या सहलीच्या अगदीं थोडे दिवस आधीं, तेथून पहिलीं प्रवासी विमानें उडालीं. मुलें कांचेस नाक लावून बसलीं आणि एक विमान उठतांना दिसलें तेव्हां टाळ्या वाजल्या. पण या सपाट भूमीवर पूर्वीं उलव्याचा डोंगर होता, सुमारें नव्वद मीटर उंचीचा. तो सुरुंग लावून फोडला. उलवे नदी होती. तिचें पात्र वळविलें. दहा गांवें होतीं, तीं उठविलीं. त्या गांवांचीं देवळें, शाळा आणि होळीचे माळ सुद्धां दुसरीकडे हलले.

पुतणी वही उघडून बसली होती. "म्हणजे इथें माणसें होतीं," ती म्हणाली.

हो, माणसें होतीं. ९५ गांवांत माणसें होतीं : आगरी, कोळी, कराडी, आणि डोंगराच्या कडेला आदिवासी. भात पिकवीत, मीठ पिकवीत, खाडींत जाळीं टाकीत. वाशी, जुहू, तुर्भें, सानपाडा, नेरुळ, शिरवणें, करावें, बेलापूर, खारघर, उलवें हीं सारीं त्यांच्याच गांवांचीं नांवें. सिडकोनें अंक घातले, नांवें मात्र नवीं शोधलीं नाहींत. आणि आजहि कोणत्याहि सेक्टराच्या पोटांत शिरलें कीं अरुंद गल्ल्यांचें मूळ गांवठाण सांपडतें.

या लोकांची शेती कशी होती हें मुलांस मुद्दाम सांगावयास हवें होतें, आणि तें आमच्यापेक्षां आईला अधिक ठाऊक होतें. खाडीकांठची खारी जमीन आयती मिळत नसे. भरतीचें पाणी आंत येऊं नये म्हणून मातीचा बांध घालावा लागे. त्यांत पावसाचें पाणी बाहेर जाण्यासाठीं उघाडी ठेवावी लागे, जी ओहोटीला उघडते आणि भरतीला मिटते. आणि तीन-चार पावसाळे जमिनींतील मीठ धुवून निघालें कीं मग भात. बांधाला एके ठिकाणीं खांड पडली तर सगळ्यांचीं शेतें बुडत, म्हणून डागडुजीस साऱ्या गांवानें जावयाचें. हें ऐकतां ऐकतां पुतणीनें बापाकडे पाहिलें आणि डच भाषेंत कांहीं तरी भराभर बोलली. बंधु हंसून म्हणाले, "ती म्हणते, हे तर आमच्याचसारखे लोक होते." वहींत तिनें उघाडीचें चित्र काढलें, त्यांच्याकडे तशाच दारास कोणता शब्द आहे तो शेजारीं लिहिला.

आल्मेरे आणि नवी मुंबई यांतील साम्य येथवरच. तेथें राज्यानें समुद्र हटवून जमीन केली आणि तीवर शहर बसविलें. येथें समुद्र हटविणारे निराळे होते आणि शहर बसविणारे निराळे. आणि शहर आलें तेव्हां बांध घालणारांनाच हटावें लागलें.

मोटार जासईस थांबविली. हें दिनकर बाळू पाटील यांचें जन्मगांव. लोक त्यांस दि. बा. म्हणत. १९२६ सालीं शेतकऱ्याच्या घरीं जन्मले, वकील झाले, पांच वेळां आमदार आणि दोन वेळां खासदार झाले. २०१३ सालीं वारले. जानेवारी १९८४ मध्यें याच परिसरांत शेतकरी रस्त्यावर उतरले होते. शहर नको असें त्यांचें म्हणणें नव्हतें. मोबदला न्याय्य द्या, आणि आमच्या जमिनीवर जें शहर उभें राहील त्यांत आम्हांला वांटा द्या, एवढेंच होतें. १६ आणि १७ जानेवारी या दोन दिवसांत पोलिसांच्या गोळीबारांत पांच जण प्राणांस मुकले. त्या लढ्यांतून पुढें साडेबारा टक्क्यांची योजना निघाली : घेतलेल्या जमिनीच्या शंभर भागांमागें साडेबारा भागांचा विकसित भूखंड मूळ मालकास परत. विमानतळाच्या वेळीं हें प्रमाण साडेबावीस टक्क्यांवर गेलें. विमानतळास दि. बां.चें नांव द्यावें म्हणून २०२१ सालीं हजारों लोक पुन्हां रस्त्यावर आले. नांवासाठीं एवढा हट्ट कशाला, असें मुंबईंत बसून वाटूं शकतें. जासईच्या हुतात्मा स्मारकापाशीं उभें राहिलें म्हणजे तसें वाटत नाहीं.

आई मोटारींतून उतरली, स्मारकास हात जोडून आली, आणि परत बसल्यावर तिनें जें सांगितलें तें आम्हीं दोघां भावांनीं पूर्वीं कधीं ऐकलें नव्हतें. वाशीस नवीं नवीं आलों तेव्हां जुहूगांवांतून एक आगरी बाई दारावर भाजी घेऊन येत असे. पहिल्या दिवशीं ती जिन्यांत टोपली उतरवून बराच वेळ नुसती उभी राहिली. काय झालें म्हणून विचारलें तेव्हां म्हणाली कीं, हा जिना आहे ना, येथेंच आमच्या सासऱ्याची उघाडी होती. तिच्या बोलण्यांत राग नव्हता. पत्ता सांगावा तसें तिनें सांगितलें. त्या दिवसापासून आईनें तिच्याकडून वीस वर्षें भाजी घेतली आणि भावाची घासाघीस एकदांहि केली नाहीं. संक्रांतीस तिच्या हातावर तिळगूळ प्रथम ठेवी, मग इमारतींतल्या बायकांच्या.

कोणी कांहीं बोललें नाहीं. मोटार चिर्ल्याहून अटल सेतूवर चढली. १२ जानेवारी २०२४ रोजीं उद्घाटन झालेला हा पूल २१.८ किलोमीटरांचा असून त्यांपैकीं १६.५ किलोमीटर निव्वळ समुद्रावर आहेत. भारतांत समुद्रावरचा याहून लांब पूल नाहीं. सूर्य मुंबईच्या मनोऱ्यांमागें उतरत होता, उजवीकडे दूर तुर्भ्याच्या टेंकड्या काळवंडत होत्या, आणि मागें न्हावाशेव्याच्या बंदरांतील याऱ्यांवर दिवे लागत होते. वीस मिनिटांत शिवडी आली. वडिलांना हेंच अंतर कापावयास दोन बसगाड्या आणि दोन तास लागत असत.

परतीच्या वाटेवर, वाशीच्या पुलावर गाड्यांची गर्दी झाली तेव्हां, आई आपण होऊन त्या कागदाविषयीं बोलली.

"मला तीन वर्षें दुसरीकडे राहणें जिवावर आलें आहे, हें खोटें नाहीं. ह्यांनीं त्या घरांत देह ठेवला. पण माझी सही मागायला माणसें चार वेळां घरीं आलीं. नकाशा दाखवला, खोल्या किती मिळणार तें सांगितलें, देवघर कुणीकडे हवें तें विचारलें. त्या बाईच्या सासऱ्याला उघाडी कुणीकडे हवी, असें कुणीं विचारलें असेल का रे? मी कशाला अडून बसूं? फक्त एक करा. भाड्याचें घर मनोऱ्यांत पाहूं नका. जुहूगांवांत पाहा."

बंधूंची सुटी संपावयास आठ दिवस होते. दुसऱ्याच सकाळीं आम्ही दोघे जुहूगांवांत गेलों. भाजीवाली बाई आतां हयात नाहीं. पण तिच्या नातवाची चार मजल्यांची इमारत गांवदेवीच्या देवळामागें आहे, आणि तळमजल्यावरील दोन खोल्या मोकळ्या होत्या. त्यानें आईचें नांव ऐकतांच ओळखलें; संक्रांतीच्या तिळगुळाची गोष्ट त्याच्या घरींहि चालत आलेली होती. भाडें त्यानें बाजारभावानें सांगितलें आणि आम्हीं कबूल केलें. घासाघीस केली नाहीं. आईची तशी आज्ञा होती. त्याच संध्याकाळीं संमतिपत्रावर तिन्ही सह्या झाल्या.

ज्या वाचकांच्या घरीं असे पाहुणे येतील त्यांस आमचें इतकेंच सांगणें कीं, मुलांना नवें शहर दाखवावयास लाजूं नये. भरतीची वेळ पाहून निघावें, घरांतील सर्वांत वडील माणसास बरोबर घ्यावें, आणि सेक्टराच्या अंकांबरोबर गांवाचेंहि नांव सांगावें. पुतणीची वही आम्हीं निघतेवेळीं वाचली. 'आधीं' या शब्दापुढील प्रश्नचिन्ह तिनें खोडलें होतें. खालीं चुकतमाकत देवनागरींत गांवांचीं नांवें लिहिलीं होतीं. जागा संपल्यामुळें तिला एकतिसावर थांबावें लागलें. उरलेलीं चौसष्ट पुढच्या खेपेस लिहिणार आहे.